कपलरचं गेज घरी बनवताना: एका फिटरचा अनुभव

आमच्या घरी वरच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवर माझी मॉडेल रेल्वे धावते. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या साधारण सत्त्याऐंशीवा हिस्सा, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. पहिल्यांदा बारा वाघिणींचा (मालडब्यांचा) रेक जोडला तेव्हा तो दर फेरीला त्याच एका चढावर तुटायचा. इंजिन पाच वाघिणी घेऊन पुढं, सात मागं उभ्या. रूळ तपासले, चाकं पुसली, दोन कपलर (वाघिणी एकमेकींना जोडणारे आकडे) नवे बसवले. शेवटी डोकं खाली घालून, डोळे रुळाच्या पातळीला आणून पाहिलं तर एका कपलरचं तोंड शेजारच्यापेक्षा जवळपास मिलिमीटरभर खाली होतं. चढाच्या तोंडाशी ते आणखी खाली जाऊन निसटायचं.

लाज वाटली, कारण मी पेशानं फिटर आहे. आयटीआय केलं, मग हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये अप्रेंटिस. दिवसभर शंभरावा हिस्सा मिलिमीटर पकडणारा माणूस घरी मात्र सगळं नजरेनं बसवत होता.

एचओ कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे ९.९२ मिमी उंचीवर हवा. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५ पासून अशी मापं ठरवत आली आहे, आणि केडीसारख्या कंपन्यांचे चुंबकानं सुटणारे कपलर याच उंचीला बसतात. आकडा हवेतून आलेला नाही. तिथल्या खऱ्या गाड्यांच्या कपलरची जास्तीत जास्त उंची साडेचौतीस इंच, म्हणजे ८७६ मिमी. त्याला ८७ नं भागलं की दहाच्या आसपास येतं.

इथं आपल्या लोकांची एक फसगत होते. भारतीय रेल्वेत रिकाम्या वाघिणीच्या बफरचा मध्य (कपलरही याच उंचीला) १,१०५ मिमीपर्यंत उंच असतो. त्याला ८७ नं भागा, १२.७ मिमी येतात. म्हणजे नागपूर स्टेशनवर पाहिलेली वाघीण तुम्ही मापात घरी बनवलीत आणि कपलर ‘बरोबर जागी’ लावलात, तर तो बाजारातल्या कुठल्याच गाडीला जुळणार नाही. पावणेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. मी डबा आपल्या मापाचा ठेवतो आणि कपलर ज्यात बसतो ती पेटी मधे एक ठोकळा देऊन खाली उतरवतो. दिसायला थोडं खटकतं, पण गाडी जोडली जाते.

ही उंची तपासायचं तयार गेज मिळतं. मागवायचं म्हणजे टपाल आणि कस्टम मिळून गेजपेक्षा वरखर्च जड, म्हणून मी घरीच करायला बसलो. टूलरूमचे उस्ताद म्हणायचे, “माप काय घेऊन राहिला बे? मास्टरशी लावून पाह्य.” मास्टर म्हणजे अचूक मापाचा नमुना. तेव्हा हे ओरडणं वाटायचं. आता कळतं की कपलरच्या बाबतीत हेच सगळं काम आहे. प्रत्येक वाघिणीला व्हर्नियर (बारीक माप घेणारी सरकपट्टी) लावाल तर प्रत्येक वेळी नवी चूक कराल, कारण कपलर लहान, स्प्रिंगवर हलणारा आणि बोट लागलं तरी वर-खाली होणारा. एकदाच जीव ओतून एक मास्टर बनवा. नंतर फक्त त्याच्यासमोर वाघीण आणून तोंडाला तोंड जुळतं का तेवढं बघायचं.

पहिलं गेज मी पितळेच्या पट्टीचं केलं. छान घासलं, कडा मारल्या, कौतुकानं रुळावर ठेवलं आणि कंट्रोलर बंद पडला. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, दोन्ही रूळ पितळेनं जोडले की शॉर्ट होणारच, हे कळायला डिप्लोमा लागत नाही. दुसरं एका मित्रानं थ्रीडी प्रिंटरवर काढून दिलं, पीएलए प्लास्टिकमध्ये. ते मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी तिथवर सहज जाते. संध्याकाळी गेज केळ्यासारखं वाकलेलं.

तिसरं टिकलं. नेमप्लेट बनवणाऱ्याकडून ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचे तुकडे आणले (कापणीतले उरलेले तो जवळजवळ फुकट देतो). साठ बाय पंचवीस मिमीचा तळ कापला. तळाखाली मधोमध १६ मिमी रुंद, १ मिमी जाड पट्टी चिकटवली, ती दोन रुळांच्या मधे बसते आणि गेज आडवं सरकत नाही. तळाच्या टोकावर कपलरची पेटी अशी बसवायची की डोकं कडेच्या पुढं निघेल. पेटीखाली अर्ध्या आणि पाव मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या चकत्या रचत जायच्या. आधी सुकं रचून पाहा, चिकटवायची घाई करू नका. फेव्हीक्विक इथं अजिबात नको, हळू सुकणारं अ‍ॅरल्डाइट घ्या म्हणजे हलवायला वेळ मिळतो.

आता उंची लावायची कशी? टूलरूममध्ये सरफेस प्लेट (माप घ्यायचा एकदम सपाट पाट) असते, घरी काचवाल्याकडून ५ मिमी जाड साध्या काचेचा तुकडा कडा घासून घेतला. तळाच्या मधल्या पट्टीमुळं गेज काचेवर सपाट बसणार नाही, म्हणून दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवर गेज टेकवायचं आणि त्या जाडीचा हिशेब धरायचा. मी आधी उंची लावली आणि मधली पट्टी शेवटी चिकटवली, म्हणजे हा व्यापच नको. मास्टरच्या कपलरची खाली लोंबणारी पिन कटरनं उडवून टाका, ती मापात आडवी येते. डोक्याची जाडी व्हर्नियरनं घ्या. माझं ३.६ मिमी भरलं, निम्मं १.८, म्हणजे डोक्याचा तळ काचेपासून ८.१२ वर हवा. ८ मिमीच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा आडवा ठेवला, वर फिलर गेजचं (ठराविक जाडीच्या पात्यांचा जुडगा) ०.१० चं पातं. दांडा अधिक पातं अलगद सरकलं, पुढचं ०.२० चं अडलं. ठीक. मात्र ड्रिलचा दांडा बरोबर ८ चा असतोच असं समजू नका, तोही मोजून घ्या. बरेचदा दोन-तीन शतांश कमी भरतो.

सगळ्यात महाग पडलेली चूक याच्या पुढची. मास्टर बनल्यावर काच इतकी आवडली की वाघिणीही तिच्यावरच उभ्या करून तपासल्या. सगळ्याच थोड्या उंच आल्या, म्हणून एका रविवारी बसून सगळे कपलर खाली घेतले. रुळावर सोडल्यावर खालच्या पिना पॉइंटच्या (गाडी रूळ बदलते त्या जागेच्या) रुळांना अडकायला लागल्या, डायमंड क्रॉसिंगवर, म्हणजे दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथं, तर वाघीण उडालीच. (नागपूरचं डायमंड क्रॉसिंग प्रसिद्ध, तेव्हा नागपूरच्या माणसाच्या लेआउटवर ते नसेल तर काय उपयोग.) कारण साधं होतं. काचेवर चाक कडेच्या बाहेर निघालेल्या फ्लँजवर उभं राहतं, रुळावर ते फ्लँजशेजारच्या कमी व्यासाच्या पृष्ठभागावर चालतं. फ्लँज सुमारे ०.६ मिमी खोल असतो, तेवढीच वाघीण काचेवर वर उचलली जाते. तेव्हापासून काचेवर फूटभर रूळ चिकटवून ठेवला आहे. मास्टर आणि वाघीण दोन्ही त्याच्यावरच उभे राहतात.

पिनेचं गेज मात्र खिशातच निघालं. चुंबकानं कपलर सुटावा म्हणून ती पिन रुळाच्या माथ्यापासून १/३२ इंच, म्हणजे ०.७९ मिमी वर हवी. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, जगभर तीच. कार्डाचा पट्टा कापून दोन्ही रुळांवर आडवा टाका, पिनेखालून जेमतेम निघाला की झालं. कार्ड प्लास्टिकचं, त्यामुळं शॉर्टही नाही. चिप आणि चुंबकी पट्टीचा भाग आधी कापून फेका.

कपलर खाली असेल तर बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि डब्याच्या मधे पातळ वॉशर टाकायचा, वर असेल तर पेटी आणि डब्याचा तळ यांच्यामधे. पाव मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो, त्यापुढं हात लावतो. आधी एक गोष्ट मात्र बघा, डोकं खाली झुकलेलं तर नाही ना. पेटीचा स्क्रू ढिला असला तरी तसंच दिसतं, आणि वॉशर टाकून तो दोष फक्त झाकला जातो. छोटा गुण्या शेजारी धरला की लगेच कळतं.

बारीक कानस सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या, हार्डवेअरवाल्याची जाड असते. अ‍ॅक्रिलिकच्या कडा तिनंच नीट बसतात. मास्टर डब्यात कापसात ठेवा आणि रोजच्यासाठी त्याच्यावरून दुसरं बनवा. माझं रोजचं गेज दोनदा जमिनीवर पडलं आहे, दोन्ही वेळा मास्टरशी लावून बघून पुन्हा चिकटवलं.

सध्या हातात नॅरोगेजचं काम आहे. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात पोराला घेऊन गेलो होतो, तिथून आल्यापासून त्याला ती छोटी गाडीच हवी आहे. नॅरोगेजच्या रुळांतलं अंतर ७६२ मिमी, त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ येतात, म्हणजे बाजारातला ९ मिमीचा एन स्केलचा रूळ जवळजवळ तसाच चालतो. नव्या गेजची खालची पट्टी साडेआठ मिमी रुंद कापून ठेवली आहे. कपलरच्या चकत्या अजून सुक्याच रचलेल्या आहेत.