फराळाच्या ऑर्डरी वाढल्या आणि कंबर धरली? या चुका टाळा

घरगुती फराळाचा धंदा पहिल्या वर्षी बहुतेकांना गोडच लागतो. सोसायटीतली दहा-बारा घरं, कौतुक, हातात रोख पैसे. घोळ होतो तो दुसऱ्या दिवाळीत. ऑर्डरी तिप्पट, हात मात्र तेच दोन. वसुबारसेपासून जागरणं सुरू होतात, धनत्रयोदशीला घरात सगळे एकमेकांवर खेकसत असतात आणि पाडव्याला घरच्या पाहुण्यांपुढे दुकानातून आणलेला चिवडा येतो. ऑर्डर घेताना आपण डाळीचा, तेलाचा, डब्यांचा हिशेब करतो. आपल्या मनगटाचा आणि झोपेचा करत नाही, आणि या धंद्यात खरी मर्यादा तिथेच असते.

किलोवर भाव, तासांचा पत्ता नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, एक किलो करंजीला साहित्य, गॅस, डबा मिळून 380 रुपये लागले आणि ती 600 ला विकली. राहिले 220. पण साटा लावून लाट्या करणं, लाटणं, भरणं, कातणं, तळणं यात दोघांचा दीड-दीड तास गेला असेल, तर हातात पडले ताशी जेमतेम 73 रुपये. आता चिवडा घ्या. किलोमागे 180 च सुटले, तरी एकटं माणूस दोन तासांत पाच किलो सहज करतं. म्हणजे ताशी 450. एकदा वहीत प्रत्येक पदार्थापुढे लागलेले तास लिहा. मग कळतं की करंजी आणि अनारसे एक तर महाग विकायला हवेत, नाही तर मोजकेच घ्यायला हवेत. ‘गिऱ्हाईक तुटेल’ ही भीती असतेच. पण 73 रुपये तासाने मिळणारं गिऱ्हाईक टिकवून आपण नक्की काय वाढवतोय?

सगळं शेवटच्या आठवड्यात

फराळ ताजा हवा हे खरं, पण तयारी ताजी असायची गरज नाही. चकलीची भाजणी आधी दळून ठेवता येते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून केलेलं गुळाचं पीठ तर मुरलेलंच चांगलं. शंकरपाळे टिकतात, म्हणून ते आधी. चकली मऊ पडते आणि ओल्या नारळाची करंजी टिकतच नाही, म्हणून त्या शेवटी. परदेशी पाठवायचे डबे तसेही काही आठवडे आधी निघावे लागतात. त्या ऑर्डरी मुद्दाम मिळवा. भार आपोआप विभागला जातो.

ऑर्डर बंद करायची तारीख आणि पदार्थागणिक किलोंची मर्यादा दसऱ्यालाच जाहीर करा. मर्यादा भरली की नणंदेच्या मैत्रिणीलाही नाही म्हणायचं. हे सगळ्यात अवघड, मान्य.

दुखणं अंगावर काढणं

सोऱ्या दाबून मनगट दुखतं, त्यावर मलम चोळून लोक कामाला लागतात. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर तो नुसता थकवा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. तिथली नस दाबली जात असू शकते. चकलीचं प्रमाण मोठं असेल तर यंत्र घ्या. ‘हाताची चव’ भाजणीत असते, दाबण्यात नाही. लाटणं, भरणं बसून करा. तळताना उभं राहावंच लागतं, तेव्हा पायाखाली जाड रबरी मॅट टाका आणि तासाभराने माणूस बदला. झोपेत कढईसमोर उभं राहणं तर थेट भाजण्याला आमंत्रण.

घरच्यांची ‘मदत’ गृहीत धरणं

सासूबाई लाट्या करतात, नवरा डबे पोचवतो, शेजारच्या काकू ‘अगं देते की वळून’ म्हणून लाडवाला बसतात. पहिल्या वर्षी शोभतं. दुसऱ्या वर्षीही फुकट चाललं, तर त्या लष्कराच्या भाकऱ्या होतात आणि कुरबूर सुरू होते. काकूंना मजुरी द्या आणि ती आधी ठरवा. घरच्यांचा आणि स्वतःचाही पगार खर्चात धरा. तो धरल्यावर नफा उरत नसेल, तर भाव चुकलाय.

एकच फोन, एकच खातं

धंद्याला वेगळं सिम घ्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कामाच्या वेळा आणि आपोआप जाणारा निरोप लावता येतो. रात्री अकराला ‘बेसन लाडूत वेलची आहे का?’ याला सकाळी उत्तर दिलं तरी चालतं. बँकेचं खातंही वेगळं ठेवा.

कंपनीची मोठी ऑर्डर उधारीवर

पन्नास-शंभर डब्यांची ऑर्डर मिळाली की हरखून जायला होतं. पैसे येईपर्यंत मात्र झोप उडते. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की तगादा लावायला बळ येतं.

आणि ऑर्डरी आधीच जास्त घेऊन बसला असाल तर?

आजच वही उघडा. उरलेले किलो आणि उरलेले तास समोरासमोर मांडा. जे बसत नाही ते आधी करंजी-अनारशांतून कमी करा. त्या गिऱ्हाइकांना मेसेज नको, फोन करा. बदल्यात चिवडा किंवा शंकरपाळे चालतील का विचारा. नको म्हणाले तर आगाऊ रक्कम त्याच दिवशी परत पाठवा. दुसऱ्याकडून माल आणून आपल्या डब्यात भरायचा मोह होईल. आणायचाच असेल तर तसं सांगून आणा.