उतारा कळत नाही? आधी विषयाची ओळख करून द्या

नववी-दहावीची मुलं उतारा घडाघडा वाचतात आणि उत्तरात मात्र प्रश्नातले शब्द ज्या ओळीत दिसले तीच ओळ उतरवतात. शब्द वाचता आले, विषयच माहीत नव्हता. अशा वेळी आणखी दहा उतारे सोडवून घेण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यातली बातमी घ्या : ‘राधानगरीतून विसर्ग वाढला, पंचगंगेला फुगवटा.’ व्याकरणात विसर्ग म्हणजे दोन टिंबं, त्यामुळे मूल इथेच अडखळतं. इथे विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. ते क्युसेकमध्ये मोजतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आता नकाशा उघडा. राधानगरीचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. हाच फुगवटा. एवढं कळलं की ‘पाऊस थांबला तरी पूर का ओसरला नाही?’ याचं उत्तर मूल स्वतःच्या शब्दांत देतं.

वाचनाआधी पाच मिनिटं पुरतात : विषयाबद्दल ठाऊक असलेल्या तीन गोष्टी वहीत, अडणाऱ्या चार-पाच शब्दांना गोल. सगळेच शब्द शब्दकोशात बघायला लावू नका, कंटाळतात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून दोन वाक्यांत सांगायला लावा.

आठवडाभर एकच विषय ठेवा. सोमवारी पूर, मंगळवारी अंतराळ असं केलं तर शब्द पुन्हा भेटत नाहीत.