नव्या कौन्सिलची पहिली निवडणूक: इंग्लंडमधल्या मराठी मतदारांसाठी

तुमच्या भागातली जुनी कौन्सिल बंद होऊन तिच्या जागी नवी येणार असेल, तर पहिल्या निवडणुकीची तयारी कशी करायची ते सांगते. मी नॉर्थम्प्टनला राहते आणि निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर पोल क्लार्कचं काम करते. ६ मे २०२१ ला वेस्ट नॉर्थम्प्टनशायर कौन्सिलची पहिली निवडणूक झाली, तेव्हाही मी टेबलामागे होते. २०२५ मध्ये सरकारने सरेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करायचं जाहीर केलं, तेव्हापासून तिकडची ओळखीची मंडळी मला विचारत असतात. इतर काउंट्यांमध्येही अशीच फेररचना चालू आहे, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तुम्ही इथे कायदेशीर व्हिसावर राहत असाल आणि वय १८ पूर्ण असेल, तर तुम्हाला मत आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे हा हक्क मिळतो. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) लागत नाही. वर्क व्हिसा, डिपेंडंट व्हिसा किंवा स्टुडंट व्हिसा चालतो. 'आपण कुठे इथले' म्हणत वर्षानुवर्षं कौन्सिल टॅक्स भरणारी आणि एकदाही मत न देणारी कितीतरी मराठी घरं मला माहीत आहेत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. तुमच्या मुलांची शाळा, रस्त्यातले खड्डे, शेजारच्या आजींची देखभाल यांवर निर्णय घेणारी माणसं तुमच्याशिवाय निवडली जातात.

मतदार यादीत नाव घालणं ऑनलाइन होतं आणि त्याला फार वेळ लागत नाही. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा आणि राष्ट्रीयत्व भारतीय असंच लिहा. मुदत मतदानाच्या आधीच्या १२ व्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्री संपते. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे त्यात मोजत नाहीत, त्यामुळे एप्रिलमध्ये ईस्टर आला की तारीख आपण समजतो त्यापेक्षा बरीच आधी येते. जुन्या कौन्सिलच्या यादीत तुमचं नाव असेल, तर नव्या कौन्सिलसाठी पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. घर बदललं असेल तर मात्र करावीच लागते.

आता ही नवी कौन्सिल कोणत्या प्रकारची आहे ते पाहा, कारण त्यावरून उमेदवाराला काय विचारायचं ते ठरतं. २०१९ मध्ये ईस्ट सफक आणि वेस्ट सफक या नव्या डिस्ट्रिक्ट कौन्सिल झाल्या. त्या प्रत्येकी दोन जुन्या डिस्ट्रिक्ट एकत्र करून केल्या होत्या, आणि वरची काउंटी कौन्सिल तशीच राहिली. अशा ठिकाणी डिस्ट्रिक्टकडे कचरा, घरं आणि बांधकाम परवानग्या असतात. शाळा, रस्ते आणि वृद्धांची देखभाल काउंटीकडे. आमच्याकडे वेगळं घडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये नॉर्थम्प्टनशायर काउंटी कौन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे पैसे पुरत नसल्यामुळे नवा खर्च थांबवला. त्यानंतर सरकारने नेमलेल्या पाहणीचा सल्ला आला की हा सगळा डोलारा मोडून दोन नव्या कौन्सिल करा. १ एप्रिल २०२१ ला काउंटी आणि तिच्या खालच्या सातही डिस्ट्रिक्ट-बरो कौन्सिल संपल्या. डॅव्हेंट्री, नॉर्थम्प्टन आणि साउथ नॉर्थम्प्टनशायर मिळून वेस्ट झालं; कॉर्बी, केटरिंग, वेलिंगबरो आणि ईस्ट नॉर्थम्प्टनशायर मिळून नॉर्थ. या दोन्ही युनिटरी आहेत, म्हणजे सगळी कामं एकाच छताखाली. तुमच्याकडे युनिटरी येत असेल तर दारावर आलेल्या उमेदवाराचं 'ते आमच्याकडे येत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. सगळं त्यांच्याकडेच येणार आहे.

निवडणूक आधी की कौन्सिल आधी, हेही प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं. आमच्याकडे आणि सफकमध्ये कौन्सिल १ एप्रिलला सुरू झाली आणि मतदान त्यानंतर मे महिन्यात झालं. तोवर जुन्या कौन्सिलर मंडळींचीच शॅडो ऑथॉरिटी, म्हणजे नव्या कौन्सिलची तयारी करणारं तात्पुरतं मंडळ, काम बघत होती. कंबरलंडमध्ये उलट क्रम होता. तिथे ५ मे २०२२ ला मतदान झालं, निवडून आलेल्यांनी जवळजवळ वर्षभर शॅडो म्हणून तयारी केली आणि कारभार १ एप्रिल २०२३ ला हातात घेतला. १९७३ साली देशभर नव्या डिस्ट्रिक्ट निवडल्या गेल्या, तेव्हाही हाच क्रम होता: काउंटी भागातल्या डिस्ट्रिक्टांचं मतदान ७ जून १९७३ ला आणि कारभार १ एप्रिल १९७४ पासून. तुमच्याकडे असं असेल, तर मतदानानंतरही वर्षभर कचऱ्याची तक्रार जुन्या कौन्सिलकडेच करायची. पहिली मुदत किती वर्षांची आहे तेही विचारून घ्या. नेहमीची चार वर्षं असतात, पण कंबरलंडची पहिली मुदत २०२७ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांची ठरली.

आता मतपत्रिकेकडे येऊ. पहिल्या निवडणुकीत सगळ्याच्या सगळ्या जागा एकदम भरायच्या असतात, आणि एका वॉर्डातून दोन किंवा तीन कौन्सिलर निवडायचे असं पुष्कळदा असतं. वेस्ट नॉर्थम्प्टनशायरमध्ये ३१ वॉर्ड होते आणि प्रत्येकातून तिघे, असे ९३ जण निवडायचे होते. महाराष्ट्रातल्या महापालिकेच्या प्रभाग पद्धतीची सवय असलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. तिकडे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत असतं. इथे सगळ्या उमेदवारांची एकच यादी असते, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने, आणि वर लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त तिघांना मत द्या. एकाच पक्षाचे तीन उमेदवार यादीत तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. तीन फुल्या करायच्या, त्या कोणत्याही तिघांपुढे: एकाच पक्षाच्या, दोन पक्षांच्या, अपक्षाच्या, कशाही. एकाच माणसापुढे तीन फुल्या केल्या तरी मत एकच धरतात. तीनच्या जागी चौघांपुढे फुली केलीत तर ती मतपत्रिका बाद होते. एक किंवा दोनच फुल्या केल्या तर चालतं.

चालतं, पण तसं करू नका असं मी म्हणेन. लोक ओळखीच्या एका नावापुढे फुली करतात आणि पत्रिका घडी घालून पेटीत टाकतात, कारण तीन मतं आहेत हे त्यांनी घरी वाचलेलंच नसतं. उरलेली दोन मतं तशीच जातात. तुमच्या वॉर्डातली तिसरी जागा थोडक्या मतांनी ठरू शकते, आणि ती बहुधा यादीत तळाशी असलेल्या, फारशा माहीत नसलेल्या माणसाची असते. म्हणून उमेदवारांची अधिकृत यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर लागली की घरी बसून तीन नावं ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. तो कागद आत न्यायला हरकत नाही, फक्त तिथे ठेवून येऊ नका.

२०२१ ला आमच्याकडे आणखी एक गुंता होता. नॉर्थम्प्टन टाउन कौन्सिलचीही ती पहिलीच निवडणूक होती आणि त्याच दिवशी पोलीस, फायर अँड क्राइम कमिशनरचंही मतदान होतं. त्यामुळे शहराच्या बऱ्याच भागात मतदाराच्या हातात तीन मतपत्रिका पडत, आणि कमिशनरच्या पत्रिकेवर पहिली पसंती आणि दुसरी पसंती असे दोन रकाने होते. ते दोन रकाने आता गेले, पण एकाच दिवशी दोन-तीन निवडणुका येणं अजूनही नेहमीचं आहे. प्रत्येक पत्रिकेवरची वरची सूचना वेगळी असते. ती वाचल्याशिवाय पेन्सिल टेकवू नका. चूक झाली तर पत्रिका पेटीत टाकायच्या आधी टेबलाशी परत या. प्रिसाइडिंग ऑफिसर, म्हणजे केंद्राचे प्रमुख, ती रद्द करून नवी देतात. लोक लाजतात आणि तशीच टाकून जातात. लाजू नका, त्यासाठीच आम्ही बसलेलो असतो. पत्रिकेवर नाव किंवा सही मात्र करू नका. मतदार ओळखता येत असेल तर मत बाद होतं.

ओळखपत्राचा नियम २०२१ ला नव्हता. इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांना तो मे २०२३ पासून लागू झाला. भारतीय पासपोर्ट चालतो. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, प्रोव्हिजनल असलं तरी. बीआरपी, म्हणजे व्हिसाचं बायोमेट्रिक कार्डही चालतं, आणि मुदत संपलेलं असलं तरी फोटोतला चेहरा तुमचा दिसत असेल तर हरकत नसते. आधार, ओसीआय, भारतातलं लायसन्स, फोनवरचा ई-व्हिसा आणि झेरॉक्स यांतलं काहीही चालत नाही. यातलं काहीच जवळ नसेल, तर मतदानाच्या आधीच्या सहाव्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट, म्हणजे मतदानापुरतं फोटो ओळखपत्र, मोफत मागता येतं.

आपल्या नावांची अडचण इथे येते. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं आणि मतदार यादीत नुसतं पहिलं नाव असतं. एवढ्याशा फरकाने कोणी परत पाठवत नाही. पण पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र बरोबर आणा. ते घरी राहिलं तर दुपारी परत या. मतदान सकाळी ७ ते रात्री १० चालतं, आणि १० वाजता रांगेत उभं असलेल्याला मत देता येतं. पोल कार्ड घरी विसरलं तर काही बिघडत नाही. दाराबाहेर पक्षाचा बिल्ला लावून बसलेला टेलर, म्हणजे कोण मत देऊन गेलं याची नोंद ठेवणारा पक्षाचा माणूस, तुमचा मतदार क्रमांक विचारेल. तो सांगणं बंधनकारक नाही.

पोस्टाने मत द्यायचं असेल तर अर्ज मतदानाच्या आधीच्या ११ व्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत पोचायला हवा. सही अर्जावर मराठीत केली असेल तर मतपत्रिकेसोबतच्या निवेदनावरही मराठीतच करा. दोन्ही सह्या आणि जन्मतारीख ताडून बघतात, आणि जुळलं नाही तर पाकीट बाद होतं.

विद्यार्थ्यांनी आणि दोन घरं असणाऱ्यांनी एवढं नीट वाचा. दोन वेगळ्या कौन्सिलच्या हद्दीत नाव असेल तर दोन्हीकडच्या स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. पण कौन्सिल एकत्र झाल्या की हिशेब बदलतो. घर डॅव्हेंट्रीत आणि विद्यापीठ नॉर्थम्प्टनमध्ये असलेल्या मुलीला पूर्वी दोन मतं होती. आता दोन्ही जागा वेस्ट नॉर्थम्प्टनशायरमध्ये आल्यामुळे तिने एकाच ठिकाणी मत द्यायचं. यादीत नाव दोनदा असलं तरी दोनदा मत देणं गुन्हा आहे.

उमेदवार दारावर आला तर मी तीन प्रश्न विचारायला सांगते. जुन्या कौन्सिलांचे कौन्सिल टॅक्सचे दर वेगवेगळे होते, ते एकसारखे करताना आमच्या भागाचं काय होणार? कोणती ऑफिसं आणि लायब्ररी चालू ठेवणार? आणि जुन्या कौन्सिलचं कर्ज कोण फेडणार? पहिल्या मुदतीत हे ठरतं आणि पुढे बराच काळ तसंच राहतं. वॉर्ड मात्र तसे राहतीलच असं नाही. पहिल्या निवडणुकीला घाईने पुष्कळदा जुन्या काउंटीचे विभागच वापरतात, आणि नंतर सीमा आयोग नव्याने आखणी करतो. आमच्याकडे ९३ जागा होत्या, त्या २०२५ च्या निवडणुकीला ७६ झाल्या.

आणि उभं राहायचं मनात असेल तर जरूर राहा. पहिल्या निवडणुकीत नव्या माणसाला जागा असते, कारण त्या खुर्चीत आधी कोणी बसलेलंच नसतं. भारतीय नागरिकाला उमेदवारीसाठी आयएलआर लागतो; मतदारापेक्षा ही अट कडक आहे. शिवाय त्या हद्दीच्या मतदार यादीत नाव हवं, किंवा मागचे १२ महिने तिथे राहत किंवा काम करत असायला हवं. त्याच कौन्सिलचे नोकर असाल तर उभं राहता येत नाही. डिपॉझिट लागत नाही. वॉर्डातले एक सूचक आणि एक अनुमोदक यांच्या सह्या पुरतात, पण त्यांची नावं आणि मतदार क्रमांक यादीशी जुळले पाहिजेत. खर्चाची मर्यादा ९६० पौंड अधिक वॉर्डातल्या प्रत्येक मतदारामागे ८ पेन्स आहे; दोघा-तिघांनी मिळून प्रचार केला तर प्रत्येकाची मर्यादा कमी होते. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता घाला. उमेदवारी अर्ज मतदानाच्या आधीच्या १९ व्या कामकाजाच्या दिवशी दुपारी ४ पर्यंत हातोहात द्यायचा असतो, ईमेलने नाही. निवडणूक कार्यालयाची वेळ घेऊन चार-पाच दिवस आधीच अर्ज अनौपचारिक तपासून घ्या. ४ वाजून १ मिनिटाने आलेला अर्ज ते घेऊ शकत नाहीत.