चोरी करणारा आणि जिचं चोरीला गेलं ती, दोघांना समोरासमोर बसवायचं असेल तर

आमच्या इंदुरात रामबागेतल्या एका काकूंची अ‍ॅक्टिव्हा गेटबाहेरून गेली. पोरगा सापडला, १९ वर्षांचा, दोन गल्ल्या सोडून राहणारा. गाडीही मिळाली, पण डिक्कीत वारलेल्या काकांचा चष्मा होता तो काही मिळाला नाही, आणि काकूंना कोर्टाकडून काही नको होतं, फक्त तो चष्मा कुठे टाकलास एवढं त्या पोराला विचारायचं होतं. हे विचारायला कोर्टात जागाच नसते हो. तिथे सरकार विरुद्ध आरोपी अशी केस चालते, काकू नुसत्या साक्षीदार.

दोघांना असं समोरासमोर बसवून बोलतं करायची पद्धत नवीन नाही. १९७४ साली कॅनडात एल्मायरा गावी दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली होती, तेव्हा प्रोबेशन ऑफिसरच्या (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) सुचवण्यावरून जजनी त्यांना प्रत्येक दारी जाऊन भेटायला लावलं आणि नुकसान भरून घेतलं.

आता करायचं कसं. पहिलं म्हणजे घाई नको. दोघांना थेट एकत्र बोलवलंत की भांडण होणार, नाही तर रडारड, म्हणून मध्यस्थाने आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, आणि एकदा नाही, दोन-तीनदा. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे आधी जा, त्यांच्याच घरी, चहा घेत, आणि विचारा की झोप लागते का, भीती कशाची वाटते, पोराकडून नेमकं काय ऐकायचंय. नको म्हणाले तर विषय तिथेच संपला, समजूत काढत बसायचं नाही. "जाऊ द्या ना, लहान आहे पोरगा" हे वाक्य तर मध्यस्थाच्या तोंडून निघताच कामा नये, माफ करायला सांगणं हे आपलं काम नाही.

मग पोराकडे जा. त्याने केलं हे तो मान्य करत असेल तरच पुढे, नाही तर भेट घडवूच नका. त्याच्या वकिलाला आधी विचारा, कारण चारचौघांत दिलेली कबुली उद्या केसमध्ये त्याच्यावर उलटू शकते, आणि जामिनाच्या अटीत फिर्यादीला भेटायची मनाई असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे.

लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण असल्या केसेसमध्ये हे अजिबात करू नका. २०२० मध्ये आपल्याच हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला फिर्यादीकडून राखी बांधून घ्यायची अट घालून जामीन दिला होता, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ती अट रद्द केली. ज्या बाईला त्रास दिला तिच्याच दारात त्याला पाठवणं, याला संवाद कसा म्हणायचं?

भेटीची जागा कोणाच्याच घरची नको, पोलीस स्टेशन तर नकोच. गोल बसा, दोघांच्या बाजूचा एकेक माणूस असू द्या, आणि दाराजवळची खुर्ची काकूंना द्या म्हणजे कधीही उठून जाता येईल. आधी त्याच बोलतील, पोरगा ऐकेल. मध्ये शांतता झाली तर ती भरायला जाऊ नका. आमच्याकडे चष्म्याचं विचारल्यावर पोरगा बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, नाल्यात टाकला, कोणाचा आहे ते माहीतच नव्हतं. काकू काही बोलल्या नाहीत, पण आता कळलं तरी, असं नंतर मला म्हणाल्या.

जे ठरेल ते कागदावर, रक्कम आणि तारखांसकट, दोघांच्या सह्यांनी. कागद झाला म्हणजे केस संपली असं नाही. साध्या चोरीत मालकाला कायद्याने तडजोड करता येते, पण ती कोर्टापुढे नोंदवावी लागते. घरफोडी, दरोड्याचं तसं नाही.

तीन महिन्यांनी दोघांनाही फोन करा. हप्ता चुकला असेल तर आधी कारण विचारा, आणि काकूंना ते दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत स्वतः जाऊन सांगा.