पटकथेची स्पर्धा: बक्षिसाआधी नियमावली वाचा

जाहिरातीत बक्षिसाची रक्कम ठळक असते. नवोदिताच्या कामाचं मात्र बारीक अक्षरांत असतं: शेवटच्या फेरीत पटकथा कोण वाचणार आणि निवड झाली तर ती कोणाच्या हातात पडणार. परीक्षकांची नावं जाहीर नसतील, मागच्या विजेत्यांचा पत्ता लागत नसेल, तर प्रवेश शुल्क खिशातच राहू द्या. विजेते सापडले तर त्यांनी पुढे काय लिहिलं तेही शोधा. एकाचंही नाव कुठल्या श्रेयनामावलीत दिसत नसेल, तर हाती प्रमाणपत्र येईल, काम नाही.

एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, स्क्रीनरायटर्स लॅब २००७ पासूनची. ती स्पर्धा नव्हे. मोजक्या पटकथा निवडून जाणत्या लेखकांसोबत त्यांचे खर्डे पुन्हा लिहून घेतात आणि मग निर्मात्यांपुढे मांडायला लावतात. ‘द लंचबॉक्स’ याच वाटेने गेला. तिच्याशी जोडलेला फिल्म बाजार (आता ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’), म्हणजे चित्रपटवाले आणि निर्माते यांचा मेळा, गोव्यात भरतो, म्हणजे बेळगावकरांना चोर्ला घाट उतरला की झालं. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या पिच फेस्टमध्येही, म्हणजे कथा ऐकवण्याच्या मेळाव्यातही, लेखक थेट निर्मात्यांसमोर बसतो. त्यासाठी आधी सभासदत्व काढावं लागतं. पटकथालेखकांसाठीच्या अमेरिकेतल्या निकोल फेलोशिपचे ३५,००० डॉलर मोहात पाडतात खरे, पण तिथे पटकथा इंग्रजी लागते आणि २०२५ पासून थेट प्रवेशिकाही बंद आहेत. मराठीत लिहिणाऱ्याने तिच्यामागे लागू नये.

सीमाभागातला नेहमीचा अडथळा म्हणजे ‘स्पर्धक महाराष्ट्राचा रहिवासी असावा’ ही अट. खानापूर-निपाणीच्या लेखकाच्या आधार कार्डावर पत्ता कर्नाटकचा. आयोजकांना फोनवर विचारलं तर ‘चालतंय की’ म्हणतात आणि निकालाच्या वेळी कागद मागतात. म्हणून ईमेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा.

हक्कांचं कलम दोनदा वाचा. ‘आलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असं असेल तर पाठवूच नका; हरलात तरी पटकथा गेली. फक्त विजेत्याच्या पटकथेवर, ठरावीक मुदतीपुरता पहिला नकाराधिकार (म्हणजे ती दुसऱ्याला देण्याआधी त्यांना विचारायचं) मागितला असेल तर विचार करता येईल. कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो, पण वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून कामाला येते. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदांना तिथे पटकथेची नोंदणी ऑनलाइन करता येते. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी ५०० रुपये लागतात. नुसत्या कल्पनेला मात्र कायदा राखत नाही. म्हणून एका ओळीत कथा मागणाऱ्या फुकटच्या स्पर्धांपासून जरा लांबच.

ती एक ओळ पुढे सगळीकडे लागते, तेव्हा ती घासून ठेवा. ‘निपाणीतल्या विधवेचा संघर्ष’ यातून काहीच कळत नाही. ‘तंबाखूच्या वखारीत वजनं लिहिणाऱ्या विधवेला मालकाचा काटा खोटा असल्याचं कळतं, पण त्याच काट्यावर तिचा मुलगा कामाला आहे’ म्हटलं की वाचणारा पुढचं पान उलटतो.

बोलीचा प्रश्न हमखास येतो. संवादात ‘काय करूलालास?’ बिनधास्त राहू द्या, कंसात अर्थ देऊ नका. दृश्यवर्णन मात्र प्रमाण मराठीत, छोट्या वाक्यांत लिहा; पुण्या-मुंबईचा परीक्षक वर्णनात अडखळला की संवादापर्यंत पोचतच नाही.

आता फाइल. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पटकथा दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा काला होतो. युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ पाठवा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब बारा पॉइंटच्या कुरियर फॉन्टमधल्या इंग्रजी पानाचा; देवनागरीत तो जुळेलच असं नाही. पानांची मर्यादा असेल तर मोठ्याने वाचून घड्याळ लावा. नाव न दाखवता वाचन होणार असेल तर मुखपृष्ठावरून नाव काढणं पुरत नाही. ते फाइलच्या नावात आणि पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्येही राहतं, आणि तेवढ्यावरून प्रवेशिका बाद होऊ शकते. पाठवण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून शेवटच्या पानापर्यंत जा.