मुलांच्या एंग्झायटीवर रिसर्च करणार असाल तर सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहायच्या आधी हे वाचा

शिवाजी विद्यापीठातनं किंवा इथल्या कॉलेजातनं सायकॉलॉजीत एमए झालेली बरीच पोरं हल्ली मुलांच्या एंग्झायटीवर काम करायचं म्हणतात. करा, लई गरज आहे. पीएचडीसाठीच्या पेट, नेट या परीक्षा, कोर्सवर्क हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर, कारण तिच्यात माझे कितीतरी महिने गेलेत आणि अजून डेटाची शीट उघडली की पोटात गोळा येतो. मुलाचा फॉर्म आणि पालकांचा फॉर्म जुळत नाही.

स्केअर्ड ही मुलांची एंग्झायटी मोजायची प्रश्नावलीच घ्या, ४१ प्रश्न, मुलाचा फॉर्म वेगळा पालकांचा वेगळा, २५ किंवा जास्त स्कोअर आला की पुढं नीट तपासायचं. आता मुलगी स्वतःला ३५ देते आणि आई देते ९, मग खरं कुणाचं? इथंच लोक पटकन मार्ग काढतात, कुणी दोन्हींची सरासरी काढतं, कुणी पालकांचा कॉलमच उडवतं, आणि सांगणारे सीनियरही भेटतात की असंच करतात सगळे. करू नका. सरासरी काढली की २२ येतात आणि जी मुलगी रोज रात्री घाबरून जागी असते ती तुमच्या थिसिसमध्ये नॉर्मल ठरते.

आणि हे फक्त कोल्हापुरात होतंय असं नाही. १९८७ मध्येच अॅखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, मुलं स्वतःबद्दल जे सांगतात आणि मोठी माणसं त्यांच्याबद्दल जे सांगतात त्यात सरासरी कोरिलेशन ०.२२ च्या आसपास निघालं (पूर्ण जुळलं तर ते १ असतं). म्हणजे तुमचा डेटा बिघडलेला नाही, घाबरू नका.

कारणं समजून घ्या मात्र. भीती आत असते, आईला दिसतं ते वागणं. आणि बऱ्याचदा वागणंही दिसत नाही कारण घरानं त्याची सोय करून टाकलेली असते, पोरगं एकटं दुकानात जायला घाबरतं म्हणून ताई जाते, अंधाराला घाबरतं म्हणून आजी शेजारी झोपते, शाळेच्या नावानं पोट दुखलं की राहू दे आजच्या दिवस. मग आई फॉर्मवर प्रामाणिकपणे 'नाही' वर टिक करते. येलमध्ये एली लेबोविट्झ यांनी पालकांच्या याच वागण्यावर काम करणारी स्पेस नावाची उपचारपद्धत बनवलीय, ती आवर्जून वाचा. दुसरीकडं सिलेक्टिव्ह म्यूटिझमचं मूल घरी तोंड मिटत नाही आणि वर्गात एक शब्द बोलत नाही, बाई म्हणतात गुणी आहे शांत आहे, आई म्हणते लई बडबड्या, दोघीही खरंच सांगतात. हा फरक हाच तुमचा डेटा आहे. तो कसा हाताळणार ते डेटा गोळा करायच्या आधी सिनॉप्सिसमध्ये लिहून ठेवा, दोन्ही स्कोअर वेगळे दाखवा, फॉर्म कुणी भरला आणि ते माणूस दिवसातला किती वेळ मुलासोबत असतं हेही विचारा.

म्हणूनच पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून सॅम्पल पूर्ण करणं मला अजिबात पटत नाही. आईच्या नावाचा फॉर्म वडील दुकानात बसून भरतात. वर्गात एकदम वाटलेले फॉर्म पण तसेच, मुलं शेजारच्याचं बघून बरोबर उत्तर शोधतात. लहान मुलांना एकेक प्रश्न वाचून दाखवा, वेळ जातो, जाऊ दे.

गाइडचे पेपर मोजत बसू नका, ते शेवटचं एखाद्या मुलासमोर कधी बसले होते ते विचारा.

विषय ठरवताना अजून एक. शिरोळकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पावसाचा आवाज आला की घाबरणारी मुलं आहेत, तो विषय मोलाचा आहे, पण २०१३ च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे मानसिक आजारांचं वर्गीकरण करणाऱ्या अमेरिकन पुस्तकापासून, पीटीएसडी (धक्क्यानंतरचा मानसिक त्रास) आणि ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती) एंग्झायटीच्या गटात नाहीत. नुसतं एंग्झायटी स्केल लावून पुराच्या धक्क्याबद्दल निष्कर्ष काढलेत तर व्हायवात म्हणजे तोंडी परीक्षेत अडकाल.

एथिक्स कमिटीला वेळ लागतो, लवकर अर्ज टाका. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ च्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी. मूल नको म्हणालं तर नको, मुख्याध्यापकांनी होकार दिलाय म्हणून बसवायचं नाही. आणि पहिला फॉर्म वाटायच्या आधी, स्कोअर जास्त आलेल्या मुलाला कुणाकडं पाठवायचं त्या डॉक्टरांशी बोलून ठेवा, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ पालकांच्या माहितीपत्रकावर छापा. फॉर्म गोळा झाले त्याच संध्याकाळी स्कोअर काढा, सगळं सॅम्पल झाल्यावर बघू म्हणू नका, त्यातलं एखादं पोरगं तोवर थांबू शकणार नाही.