सांध्यावर घसरणारे मॉडेल वाफेचे इंजिन: दोष शोधावा कसा आणि काढावा कसा

सरळ रुळावर आणि वळणावर बिनतक्रार धावणारे इंजिन सांध्यावर, म्हणजे एक मार्ग दोन मार्गांत फुटतो त्या जागी, येताच घसरू लागले, की 'पुढच्या बोगीवर (चालक चाकांपुढच्या लहान चाकांच्या गाड्यावर) वजन वाढवा' किंवा 'सांधाच बदलून टाका' असे सल्ले मिळू लागतात. हे दोन्ही सल्ले काहीही न मोजता दिलेले असतात. वजनाने दोष काही काळ झाकला जातो, आणि नवा सांधा बसवूनही तेच इंजिन बहुधा पुन्हा घसरते, कारण चूक अनेकदा चाकांत असते आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजावी लागते. रूळ स्वच्छ आहेत, पाया सपाट आहे आणि सांधा स्क्रूने इतका आवळलेला नाही की तो मध्ये खचावा, एवढे येथे गृहीत धरले आहे. आकडे दोन रुळांमध्ये १६.५ मिमी अंतर असलेल्या मार्गाचे, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाचे आहेत.

प्रथम कोणते चाक कोठे घसरते ते पाहावे. इंजिन एकटेच, अगदी सावकाश, दोन्ही दिशांनी आणि सांध्याच्या दोन्ही मार्गांवरून चालवावे, आणि मोबाइल रुळाच्या उंचीवर ठेवून संथ गतीचे चित्रण करावे. इंजिन थांबल्यावर जे चाक रुळाबाहेर दिसते तेच आधी उतरलेले असते असे नाही. पुढच्या बोगीचे चाक सांध्याच्या तोंडाशी, म्हणजे मार्ग फुटू लागतो तेथे, उतरून मागच्या चाकांना ओढत नेते, आणि दोष मात्र चालक चाकांवर, म्हणजे इंजिनाला गती देणाऱ्या मोठ्या चाकांवर येतो.

घसरण सांध्याच्या तोंडाशी होत असेल तर टंग रेलच्या (मार्ग बदलण्यासाठी सरकणाऱ्या टोकदार रुळाच्या) टोकावरून नख फिरवावे. नखाला कड लागली तर ती चाकालाही लागते. टंग रेल बाजूच्या रुळाला पूर्ण चिकटत नसेल तर मध्ये अडकलेला खडीचा कण काढावा, आणि टोक जाड असेल तर बारीक कानशीने फक्त टंग रेल घासावी. बाजूच्या मुख्य रुळाला हात लावू नये.

खरी कसोटी क्रॉसिंगवर, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तेथे लागते. तेथे रुळात खाच असते, आणि खाचेवरून जाणाऱ्या चाकाला योग्य बाजूला ठेवण्याचे काम समोरच्या रुळालगतची चेक रेल करते. ती समोरच्या चाकाची आतली बाजू धरून ठेवते, त्यामुळे खाचेवरच्या चाकाचा फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) क्रॉसिंगच्या नाकाला, म्हणजे त्याच्या टोकदार भागाला, लागत नाही. म्हणून एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर येथे निर्णायक ठरते, आणि आजच्या बहुतेक एचओ चाकांसाठी ते १४.४ ते १४.५ मिमीच्या आसपास असावे लागते. अंतर जास्त असेल तर चेक रेलने रोखूनही फ्लँज नाकावर आदळतो आणि वर चढतो किंवा चुकीच्या वाटेने जातो. अंतर कमी असेल तर एका चाकाची पाठ (आतली बाजू) चेक रेलवर आणि दुसऱ्याची समोरच्या विंग रेलवर (नाकालगतच्या वळवलेल्या रुळावर) घासते, व इंजिन खाचेत शिरतानाच उचलल्यासारखे वाटते. आदळणे आणि उचलले जाणे यांतला फरक चित्रणात स्पष्ट दिसतो. तो ओळखता आला की कोणत्या दिशेने दुरुस्ती करायची हे आधीच कळते.

मोजताना बहुतेकांची फसगत होते, कारण ते एकाच जागी मोजतात. चाक आसावर किंचित तिरके बसलेले असेल तर अंतर फिरताना बदलते, आणि 'कधी घसरते, कधी नाही' ही कोड्यात टाकणारी तक्रार बहुधा येथूनच येते. प्रत्येक आसावर, चाक फिरवत, किमान तीन जागी मोजावे. त्यासाठी एनएमआरए या अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेची धातूची मापपट्टी वापरावी. त्याच पट्टीने सांध्यातील खाचांची रुंदीही तपासता येते. व्हर्नियर कॅलिपरही चालतो, मात्र चाकाच्या पाठीवर ओतकामाची कड राहिलेली असेल तर तो खोटे सांगतो.

बोगीची आणि टेंडरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) चाके हाताने पिळत, थोडी थोडी सरकवता येतात. चालक चाकांना असा हात लावू नये, आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा सल्ला देणाऱ्याचे तर मुळीच ऐकू नये. वाफेच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत बसवलेले असतात, आणि एकाच आसाचा कोन इतर आसांच्या कोनापेक्षा वेगळा झाला तरी कपलिंग रॉड (चालक चाके जोडणारे दांडे) अडतात व इंजिन लंगडू लागते. हे काम चाक ओढून काढणाऱ्या साधनाने (व्हील पुलरने) आणि कोन राखणाऱ्या साच्यानेच करावे. ती साधने नसतील तर जाणकाराकडे द्यावे.

सगळ्या इंजिनांची चाके मापात असूनही ती एकाच सांध्यावर घसरत असतील, तेव्हाच सांध्याला दोष द्यावा. चेक रेलची खाच रुंद असेल तर तिच्या चाकाकडच्या बाजूला ०.२५ मिमी जाडीची प्लास्टिकची पट्टी चिकटवावी. क्रॉसिंगचे नाक घासू नये, कारण घासलेले नाक परत येत नाही.

बोगी सिलिंडरला किंवा पायरीला न अडता दोन्हीकडे मोकळी वळते का, आणि टेंडरच्या ताठ तारा इंजिनाचा मागचा भाग उचलत नाहीत ना, एवढे शेवटी पाहावे. यानंतरही पुढची बोगी उडत असेल तर वजन किंवा हलकी स्प्रिंग जरूर लावावी. तोवर लावू नये.

चाचणी इंजिनाने डबे मागे ढकलत, सांध्याच्या तोंडाच्या बाजूने घ्यावी. ओढताना नीट चालणारी गाडी ढकलताना घसरली, तर आता डब्यांची चाके मोजायला घ्यावीत.